पाच नंबरची पकड

सुमित्राच्या लेकीने आईकडून काय काय घेतलं नाही, ते सांगत बसलं तर दिवस मावळेल. मराठी घेतली ती अर्धीमुर्धी, तीही शेवटी सिंगापुरी 'लाह' लावून. स्वयंपाकाच्या वाटेला ती गेली नाही. आईच्या हातचं खमंग थालीपीठ ती केचप लावून खायची आणि सुमित्रा तिकडे न बघता गॅस पुसत राहायची. पण एक गोष्ट उत्कर्षाने अशी उचलली होती, की सांगलीच्या कुठल्याही जुन्या खेळाडूने लांबूनच ओळखली असती. ती म्हणजे पकड.

कॉलेजात सुमित्रा कबड्डी खेळायची, डाव्या कोपऱ्यात. चढाईला आलेल्या पोरीचा घोटा तिच्या हाताला लागला, की ती पोर पुन्हा मध्यरेषेला पोचायची नाही. पुढे लग्न झालं, नवऱ्यामागे सिंगापूरला आली आणि रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत दुसऱ्यांच्या चुका शोधण्याच्या कामाला लागली. ते कामही तिला छान जमलं. पण एसीत गारठलेल्या हातांना घोट्याची आठवण काही सुटेना. शेवटी उत्कर्षा नीट पळायला लागल्याबरोबर तिने बुकित बातोकच्या त्यांच्या ब्लॉकखालच्या हिरवळीवर लेकीलाच शिकवायला घेतलं. चिमुरडी पोर बापाचा घोटा धरून त्याला आडवा करायची, आणि जहाजांची इंजिनं हाताळणारा धिप्पाड निशिकांत गवतावर पडून माशी झटकावी तसे हात हलवायचा. शेजारच्या चिनी आजीबाई टाळ्या वाजवायच्या. सुमित्राच्या आयुष्यातल्या सुखाच्या संध्याकाळी मोजायच्या झाल्या तर त्या ह्याच.

मग पोरगी फुटबॉलकडे वळली. सुमित्राला थोडं लागलं, पण आता उत्कर्षा पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला होती आणि कॉलेजच्या मुलींच्या टीममध्ये बचावफळीच्या मधोमध खेळत होती. पाठीवर पाच नंबर. राखणं आणि अडवणं हेच काम म्हटल्यावर आपलंच रक्त, असं म्हणून सुमित्राने मनाची समजूत घातली होती.

सीझन तोंडावर आला की कॉलेजची पोरं यंदा आपली टीम कशी आहे याचा एक व्हिडिओ काढून सगळीकडे फिरवत. त्या रविवारी सकाळी तो सुमित्राच्या फोनवर आला. पुढे गोल करणाऱ्या मुली फर्स्ट क्लास, असं एक चष्मेवाला मुलगा ठासून सांगत होता. मधली फळी ठीक. "आता डिफेन्स," असं म्हणून त्याने लांब श्वास घेतला. कागदावर ही बचावफळी यंदा सगळ्यांत भारी, चौघींपैकी तिघी जुन्या, गोलकीपर उंच. फक्त दोन दुखणी आहेत. एक म्हणजे चौघी एकमेकींशी बोलत नाहीत, आणि दुसरं म्हणजे आपली पाच नंबर, द ऑक्टोपस.

मागून गेल्या सीझनची शेवटची मॅच दाखवली. समोरच्या टीमची गोरीपान उंच स्ट्रायकर उत्कर्षाला चुकवून निघाली आणि उत्कर्षाने मागून झेप घेऊन तिची कंबर अशी धरली की दोघी गवतावर. लाल कार्ड, पेनल्टी, मॅच खलास.

"अहो, बघा, बघा काय धरलंय!" सुमित्राने फोन निशिकांतच्या नाकाला लावला. "तसूभर हलू दिली नाही. ऑक्टोपस म्हणतात तिला!"

"अगं, ते कौतुक नाहीये," निशिकांत चहाच्या कपात बघत म्हणाला.

उत्कर्षाने खुर्ची मागे सारली. "आई, नॉट फनी लाह." तिने आईच्या हातातला फोन घेऊन पालथा ठेवला. "कोच फरीदाने सांगितलंय. आणखी एकदा धरलं, तर अख्खा सीझन बेंचवर. शनिवारी त्याच टीमशी फ्रेंडली मॅच आहे आणि ती बघून कोच टीम ठरवणार. माझं लास्ट इयर आहे, आई. यानंतर कुठली टीम, कुठलं काय?"

"मग धरू नकोस ना."

"मी धरत नाही! हात आपोआप जातो. विचार करायच्या आधीच. आय हिअर यू ओन्ली, आई. लहानपणी तू ओरडायचीस ना, धर, सोडू नको... तेच ऐकू येतं."

एवढं बोलून ती खोलीत गेली. सुमित्रा थालीपीठ लावायला उठली आणि तव्यावर तेल न घालताच थापून मोकळी झाली. गेल्या वर्षी ती मॅच बघायला गेली होती, तेव्हाही बाजूच्या कट्ट्यावर उभी राहून गळा फाटेस्तोवर 'धर' म्हणून ओरडली होती, हे तिला आत्ता आठवलं. लेकीला दिलेली एकुलती एक गोष्ट, आणि तीच पोरीच्या मुळावर आली होती. तिला फार वाईट वाटलं.

पण वाईट वाटून घेत बसणाऱ्यांपैकी सुमित्रा नव्हती. संध्याकाळी तिने दोघांना खाली हिरवळीवर नेलं. निशिकांतला सुट्टीवर असल्याची शिक्षा म्हणून स्ट्रायकर केलं. आधी तिने ओढणीने लेकीचे हात मागे बांधून पाहिले, तर उत्कर्षाचा तोल जाऊन ती दोनदा तोंडावर आपटता आपटता वाचली. मग दोन्ही मुठींत एकेक कांदा दिला; कांदा हातात असला म्हणजे धरणार कशाने? निशिकांत बॉल घेऊन डुलत डुलत तिला चुकवून गेला, त्याबरोबर दोन्ही कांदे हवेत आणि नवऱ्याचा टी-शर्ट लेकीच्या मुठीत.

"हे रक्तातलंच आहे," गुडघा चोळत निशिकांत म्हणाला. "तुम्हा दोघींना इंजिनरूममध्ये ठेवावं, एक व्हॉल्व्ह ढिला राहायचा नाही."

"तुम्ही गप्प बसा. उत्कर्षा, मला सांग, तू धरतेस तेव्हा मनात काय असतं?"

पोरगी गवतावर बसली. "भीती. नाही धरलं तर ती जाणार."

सुमित्रा तिच्या शेजारी बसली. हे तिला ओळखीचं होतं. मैदानात सगळ्यांत आधी झेपावणारी म्हणून तिचं नाव होतं, आणि कबड्डी शिकवणारे प्रबोध सर तिला त्यावरूनच बोलायचे. अगं, चढाई करणाऱ्याचा दम किती, म्हणायचे, एका श्वासाचा. तो पळून पळून कुठं जाणार आहे? मागे सर, त्याला नको तिकडे यायला लाव, साखळीतल्या पोरींना जवळ येऊ दे. दम संपला की तो आपणहून तुझा. तेव्हा सुमित्राला हे म्हाताऱ्या माणसाचं बोलणं वाटायचं.

"पण फुटबॉलमध्ये दम कोणाचा संपणार?" उत्कर्षाने विचारलं. "स्ट्रायकर कबड्डी कबड्डी म्हणत थोडीच येते?"

हे खरंच होतं. पुढे आलेल्या स्ट्रायकरला दिवसभर श्वास घ्यायची मुभा. मग एकदम सुमित्राच्या डोक्यात आलं आणि तिचं तिलाच हसू फुटलं.

"तू म्हण."

"काय?"

"तू म्हण कबड्डी. ती समोर आली की सुरू करायचं, एका श्वासात. श्वास आहे तोवर हात लावायचा नाही, फक्त मागे मागे सरायचं, वाट अडवायची. श्वास संपला की मग तुला काय करायचं ते कर."

राखणाऱ्याने कबड्डी म्हणायची! सांगलीत लोकांनी ऐकलं असतं तर लोळून हसले असते. पण निशिकांत बॉल घेऊन आला, उत्कर्षा "कबड्डी, कबड्डी" पुटपुटत मागे सरू लागली, आणि तिचे हात अंगापाशीच राहिले. निशिकांत डावीकडे गेला, ती डावीकडे. तो उजवीकडे, ती उजवीकडे. शेवटी धाप त्यालाच लागली आणि बॉल त्याच्याच पायातून निसटला. आठवडाभर रोज संध्याकाळी हाच खेळ चालला, आणि चिनी आजीबाई पुन्हा टाळ्या वाजवायला खाली येऊ लागल्या.

शनिवारी सुमित्रा मैदानावर गेली ती तोंड उघडायचं नाही अशी शपथ घेऊनच. कोच फरीदा, टोपीखाली हिजाब घातलेली बारकुडी बाई, रेषेवर हाताची घडी घालून उभी होती. पहिला बराच वेळ बॉल समोरच्याच अंगाला राहिला. मग ती उंच स्ट्रायकर सुटली, थेट उत्कर्षाच्या अंगावर.

उत्कर्षाचे ओठ हलायला लागले. ती मागे सरत होती, हात अंगाशी. सुमित्राच्या घशाशी 'धर' आलं, ते तिने आवंढ्याबरोबर गिळलं, पण हाताला कोण आवरणार? तो निशिकांतच्या मनगटावर पडला. स्ट्रायकरने एक हूल दिली, दुसरी दिली. उत्कर्षा हटली नाही, धरलंही नाही. मदतीला येणार कोण, तर तिच्या शेजारी खेळणारी ज्या-हुई. ती लांब उभी राहून बघत होती. स्ट्रायकरने बाजूने जागा काढली, बॉल मारला आणि गोल झाला.

सुमित्राने कपाळावर हात मारला. आपल्याच शहाणपणाने पोरीला बुडवलं. धरली असती तर निदान गोल तरी झाला नसता. उत्कर्षा कमरेवर हात ठेवून खाली बघत होती.

"फाइव्ह!" कोचचा आवाज आला. सुमित्राने डोळे मिटले. "हँड्स व्हेरी गुड! ज्या-हुई, तू कुठे होतीस? ती तुझ्यासाठी थांबली होती, यू नेव्हर कम!"

मध्यंतरात मुली पाणी प्यायला कट्ट्याजवळ आल्या. ज्या-हुई, ठेंगणी, दाताला तारा लावलेली मुलगी, उत्कर्षाच्या मागेच लागली होती.

"तू काय बोलत होतीस? प्रेयर आहे का?"

"नाही लाह. गेम आहे. माझ्या आईचा." उत्कर्षाने एका वाक्यात समजावलं. श्वास आहे तोवर अडवायचं, धरायचं नाही.

"मग मोठ्याने बोल ना!" ज्या-हुई म्हणाली. "मला काय माहीत तुला मी कधी पाहिजे? तू कबड्डी सुरू केलीस की मी पळत येते. तुझा श्वास संपायच्या आत."

सुमित्रा ऐकत होती. प्रबोध सरांनी साखळी म्हणून जे डोक्यात घालायचा प्रयत्न केला, ते ह्या तारवाल्या पोरीला दोन मिनिटांत कळलं होतं. तिला त्या पोरीला उचलून घ्यावंसं वाटलं, पण शपथ होती. ती नुसती पाण्याच्या बाटल्या पुढे करत राहिली.

मध्यंतरानंतर मैदानावर 'कबड्डी' ऐकू येऊ लागलं. आधी उत्कर्षा एकटीच ओरडत होती. तिच्या आवाजाबरोबर ज्या-हुई आत सरकायची. थोड्या वेळाने डाव्या कडेची नुरूल तिच्या बाजूने हल्ला आला की तसंच ओरडायला लागली, 'कबाडी' म्हणायची पण चालून जायचं. गोलकीपरला तर फारच मजा वाटली. बॉल कुठेही असो, ती मागून ओरडायची. आतापर्यंत मुक्याने खेळलेल्या पोरी चिमण्यांसारख्या कलकलत होत्या. रेफरी दोनदा थांबून बघत राहिला.

मॅच संपत आली तेव्हा पुढच्या मुलींनी गोल फेडून एक-एक केलं होतं, आणि तीच स्ट्रायकर पुन्हा सुटली. या वेळी पेनल्टीच्या चौकोनात. गेल्या वर्षी हीच जागा होती. उत्कर्षाने खच्चून "कबड्डी" सुरू केलं आणि मागे सरू लागली. स्ट्रायकरने खांदा घातला. उत्कर्षाचा उजवा हात उठला. सुमित्राला तो हात दिसला, कोपरापासून बोटांपर्यंत, तिचाच हात. तो शर्टाच्या जवळ गेला, हवेतच थांबला आणि परत अंगाशी आला. आवाज बारीक होत चालला होता, श्वास संपत आला होता. तेवढ्यात बाजूने ज्या-हुई आली, बॉलला फक्त पाय लावला आणि तो रेषेबाहेर धाडून दिला. फाऊल नाही, शिट्टी नाही.

सुमित्रा रडत होती. निशिकांतचं मनगट लाल झालं होतं, पण त्याने ते सोडवून घेतलं नाही.

मॅच बरोबरीत सुटली. कोच फरीदाने मुलींना गोल बसवून घेतलं. सीझन लांब आहे, म्हणाली, पुढे अजून गोल चुकवाल, मधे अजून धावावं लागेल. पण माझी मागची फळी ठरली. मग तिने चार नंबर वाचले, त्यात पाच सगळ्यांत आधी होता. उठता उठता तिने कट्ट्याकडे बघून विचारलं, "आंटी, हा गेम आमच्या बाकीच्या मुलींना शिकवाल?"

सुमित्राची शपथ तिथेच मोडली. शिकवेन म्हणाली, आणि पुढे बरंच काही बोलत सुटली.

निशिकांत टॅक्सीच्या गोष्टी करत होता, पण मायलेकी एमआरटीच्या स्टेशनाकडे चालत निघाल्या, म्हणून तोही मागून आला. फूटपाथवर उत्कर्षाने एकाएकी आईचं मनगट धरलं. हलकं नव्हे, कोपऱ्यातल्या राखणदाराने धरावं तसं, अंगठा आतून, बोटं वरून, पूर्ण ताकदीने. मॅचभर आवरून धरलेलं सगळं त्या मुठीत होतं.

"आई, आता सुटून दाखव."

सुमित्राने बॅग नवऱ्याच्या हातात दिली, पदराची नसली तरी ओढणीची गाठ मारली आणि भर रस्त्यात "कबड्डी, कबड्डी, कबड्डी" सुरू केलं. डावीकडे झटका दिला, उजवीकडे दिला, खाली वाकली, गिरकी घेतली. बसस्टॉपवरचे लोक वळून बघायला लागले. मनगट तसूभर हललं नाही. तिचा आवाज बारीक झाला, आणखी बारीक झाला आणि थांबला.

"आऊट," उत्कर्षा म्हणाली. मग जरा आठवून, मराठीत म्हणाली, "बाद."

सांगलीत बाद झालेली सुमित्रा पाय आपटत मैदानाबाहेर जायची. आज ती लेकीच्या मुठीत हात तसाच ठेवून, धापा टाकत, हसत स्टेशनापर्यंत चालत गेली.