बादलीच्या नळाचं कोमट पाणी

पानाकाकांच्या घरातला गिझर बाहेरच्या माणसानं उघडायचा, म्हणजे एका वैद्याच्या घरी दुसऱ्या वैद्यानं येऊन नाडी बघण्यासारखं होतं. काकांनी बत्तीस वर्षं कारखान्यातला बॉयलर सांभाळला होता. निवृत्त झाल्यावर इमारतीत कुणाचा नळ गळो, कुणाचा पंप रुसो, पहिली हाक त्यांनाच असायची. खिशात कायम एक पाना, म्हणून अख्खी इमारत त्यांना पानाकाका म्हणायची. घरचा गिझर त्यांनी अकरा वर्षांपूर्वी स्वतः बसवला होता आणि दर वर्षी ते स्वतःच तो खोलून, आतला क्षार खरवडून साफ करायचे.

मग अर्धांगाचा झटका आला. उजवा पाय हळूहळू वॉकरच्या आधारानं चालायला लागला, उजवा हात मात्र पाना पेलेना. त्याहून बोलणं अडलं. शब्द डोक्यात तयार असायचा, पण ओठांवर यायला वेळ लागायचा, आणि तेवढ्यात समोरच्याला कणव येऊन तो स्वतःच वाक्य पुरं करून टाकायचा. बहुतेक वेळा चुकीचं. यात काकू सगळ्यांच्या पुढे. चाळीस वर्षांचा संसार, यांच्या मनातलं मला कळत नाही तर कुणाला कळणार, अशी त्यांची खात्री होती. शेवटी काकांनी बोलणंच सोडलं. मान हलवायची नाहीतर बोट दाखवायचं, एवढ्यावर आले.

त्यांना बसून आंघोळ करता यावी म्हणून लेकीनं बाथरूममध्ये हँडशॉवर लावून दिला होता. खुर्चीवर काका, एका हातानं त्यांना धरून दुसऱ्या हातानं पाणी घालणाऱ्या काकू, असं रोजचं चाललं होतं. पण गेले तीन महिने बादलीच्या नळाला पाणी कोमटच यायचं. स्वयंपाकघरातही तेच. गिझर म्हातारा झाला, असं म्हणून काकूंनी त्याचा तापमानाचा खटका पार टोकाला नेऊन ठेवला. मग आतून खळखळ उकळल्यासारखा आवाज यायला लागला, आणि एका मंगळवारी सकाळी गिझर लावला तसा मेन स्विच पडला. दोनदा चढवला, दोनदा पडला. गिझरनं मान टाकली.

काकूंनी काकांना काही सांगितलं नाही. यांनी हातानं बसवलेली वस्तू, आता यांनाच दुरुस्त करता येणार नाही, हे कशाला तोंडावर बोलून दाखवायचं? त्या गॅसवर मोठं पातेलं तापवायच्या, ते गुपचूप बाथरूममध्ये नेऊन मग्यानं काकांना आंघोळ घालायच्या, आणि शॉवरचं तोंड चोंदलंय म्हणून सांगायच्या. चार दिवसांत कंबर धरली. लेक फोनवर म्हणाली, आई, नवीनच घे आता. काकूंचा जीव होईना. त्यांनी शेजारणीकडून एका मेकॅनिकचा नंबर घेतला आणि त्याला दुपारी तीन वाजता बोलावलं. त्या वेळी काका झोपलेले असतात.

मेकॅनिक पन्नाशीचा, हाताला वाकबगार, पण तोंडाची टकळी अशी की पायताण काढायच्या आत त्यानं आपल्या साडूच्या गुडघ्याचं ऑपरेशन सांगून संपवलं. काकूंनी ओठांवर बोट ठेवून आतल्या खोलीकडे दाखवलं. मग तो तेच सगळं हळू आवाजात बोलायला लागला. गिझरमधलं पाणी काढून त्यानं खालचं झाकण उघडलं, तसा पांढऱ्या खड्यांचा ढीग बादलीत पडला.

"काकू, हा गिझर नाही, चुन्याची भट्टी आहे," तो कुजबुजला.

क्षार साचून कॉइल तडकली होती, म्हणून स्विच पडत होता. त्यानं नवी कॉइल घातली, थर्मोस्टॅट बदलला, टाकी धुऊन सगळं परत जोडलं. स्विच पडला नाही. अर्ध्या तासानं दिवा विझला, पाणी तापलं. बादलीचा नळ सोडला, तर पाणी कोमट.

मेकॅनिक चपापला. त्यानं थर्मोस्टॅट पुन्हा काढून तपासला, तो ठीक होता. आणखी अर्धा तास वाट पाहिली. कोमटच. अखेर त्यानं हात टेकले. टाकी आतून गेली असणार काकू, नवीनच घ्या, असं तो म्हणत होता तेवढ्यात पॅसेजमधून वॉकरची टकटक आली.

काकू पुढे झाल्या आणि हे सहज बघायला आलेत, काही विशेष नाही, तुम्ही पडून राहा, असं काहीबाही सांगू लागल्या. काकांनी पाण्यानं भरलेली फरशी पाहिली, खड्यांनी भरलेली बादली पाहिली, मग काकूंकडे पाहिलं. रागावले नव्हते. ते दारातल्या खुर्चीवर बसले आणि त्यांनी तोंड उघडलं.

"व्हा..."

"वास येतोय का?" काकूंनी लगेच विचारलं.

काकांनी डोळे मिटले. मेकॅनिकनं हात वर केला.

"काकू, जरा थांबा. त्यांना बोलू द्या."

आणि तो बडबड्या माणूस दुसऱ्या एका पालथ्या बादलीवर गप्प बसून राहिला. घड्याळाकडे नाही, मोबाइलकडे नाही, काकांच्या ओठांकडे बघत. काकूंना आपली जीभ आवरणं इतकं जड कधी गेलं नव्हतं.

"व्हॉल्व्ह," काका म्हणाले. "बंद." डावं बोट गिझरमध्ये गार पाणी नेणाऱ्या पाइपाकडे होतं. मेकॅनिकनं तो व्हॉल्व्ह बंद केला.

"आता... गरम... नळ."

गिझरमध्ये पाणीच जात नाही म्हटल्यावर गरम नळाला थेंब यायला नको होता. नळ सोडला आणि भरघोस धार लागली. मेकॅनिक त्या धारेकडे बघतच राहिला. गिझर बंद असताना हे पाणी आलं कुठून? काकांनी बोट हँडशॉवरकडे वळवलं.

"मिक्सर," ते म्हणाले.

मेकॅनिकनं कपाळावर हात मारून घेतला. शॉवरच्या मागचा मिक्सर, ज्यात गार आणि गरम पाणी एकत्र होतं, तो अर्धा उघडाच होता. शॉवर बंद होता तो फक्त मुठीवरच्या बटणानं. पुढची वाट बंद, म्हणून गार पाणी मिक्सरमधून उलटं फिरून गरम पाइपात शिरत होतं आणि घरभरच्या गरम नळांना कोमट करत होतं. टाकी ठणठणीत होती.

काकूंना सगळं लख्ख आठवलं. आंघोळ झाली की काकांना धरलेला हात सोडवेना, मिक्सर मागे भिंतीवर, म्हणून त्या नुसतं बटण दाबून शॉवर अडकवून ठेवायच्या. आणि आणखी एक आठवलं. दोन महिन्यांपूर्वी काकांनी बाथरूमकडे बोट दाखवून दोन-तीनदा "मिक्सर, मिक्सर" म्हटलं होतं. काकूंना वाटलं, घास चावत नसेल. त्यांनी सगळं जेवण स्वयंपाकघरातल्या मिक्सरमधून काढून आठ दिवस भरवलं होतं, आणि काकांनी निमूटपणे खाल्लं होतं.

"अहो, तुम्ही हे सांगत होतात?" काकूंनी विचारलं.

काकांनी मान हलवली. मग बऱ्याच वेळानं, एकेक शब्द ओढून काढत म्हणाले, "लापशी... बरी होती."

काकूंना हसू आवरेना आणि डोळेही पुसावे लागले. मेकॅनिकनं भिंतीकडे तोंड करून उगाच पाना शोधला.

त्यानं दोन्ही पाइपांवर पाणी उलटं जाऊ न देणारे छोटे व्हॉल्व्ह बसवले. काका खुर्चीवरून बघत होते. एका ठिकाणी टेप कमी गुंडाळली तेव्हा त्यांनी नुसतं "हं" केलं, आणि मेकॅनिकनं मुकाट्यानं पुन्हा गुंडाळली. जाताना त्यानं काकांचा नंबर मागून घेतला. काकूंना वाटलं, बोलायची पद्धत. पण पुढच्याच आठवड्यात त्याचा फोन आला. कुणाच्या तरी गिझरच्या वरच्या व्हॉल्व्हमधून सतत पाणी ठिबकत होतं, व्हॉल्व्ह बदलूनही थांबेना. काकूंनी फोन काकांच्या डाव्या हातात दिला आणि त्या दुसऱ्या खोलीत जाऊन बसल्या. जाणं सोपं नव्हतं. भिंतीपलीकडून एक शब्द यायचा, मग मोठी शांतता, मग दुसरा शब्द. पाण्याचा दाब वरून जास्त येतोय, आधी तो बघ, एवढं सांगायला काकांना सात मिनिटं लागली. पलीकडचा माणूस सातही मिनिटं फोन धरून होता.

तेव्हापासून आठवड्यातून दोन फोन ठरलेले. डॉक्टरांनी विचारलं, बोलण्यात फरक दिसतोय, घरी काय करता? काकू म्हणाल्या, मी गप्प बसते.

काल आंघोळीनंतर काकूंनी पुन्हा मिक्सर अर्धाच बंद केला. काकांनी टॉवेलातून तोंड बाहेर काढलं.

"अगं, तुला... किती वेळा... सांगायचं?"

आजारपणानंतर ते पहिल्यांदाच त्यांच्यावर डाफरले होते. काकूंनीही ऐकून घेतलं नाही. एका हातात तुम्हाला धरू की भिंतीवरचा मिक्सर, तिसरा हात कुठून आणू, असं त्या ठसक्यात म्हणाल्या. मग उत्तर यायला जितका वेळ लागेल तितका लागो म्हणून, मोकळा हात कमरेवर ठेवून, त्या मजेत वाट बघत उभ्या राहिल्या.