काचेपलीकडचा लंबक

प्रयोगशाळेच्या दाराला काच लावायचा आग्रह बाईंचाच होता. आत काय चाललंय ते येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं, एवढाच हेतू. त्या काचेला आपलंच नाक लावून उभं राहायची वेळ येईल, हे मात्र त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

शाळा उभी राहिली ती बाईंच्या हट्टापायी. पैसा सरकारचा, पण कारभार शाळेच्या स्वतःच्या समितीचा, अशी परवानगी मिळवायला त्यांनी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. बंद पडलेला छापखाना मिळाला; भिंतींना अजून शाईचा वास येतो. आयुष्यभर विज्ञान शिकवलेल्या बाई समितीच्या अध्यक्ष झाल्या आणि त्यांच्या हातचा खडू सुटला. नियमच तसा होता. समितीच्या सदस्याने किंवा त्याच्या घरच्यांनी या शाळेत शिकवायचं नाही. समिती सोडल्यावरही दोन वर्षं नाही. शिक्षक नेमणाऱ्यानेच शिक्षकाची जागा बळकावू नये, म्हणून. नियम बाईंनीच लिहिला होता.

"पायावर धोंडा पाडून घ्यायचा, तोही स्वतः निवडून," नवरा चिडवायचा.

आज बैठकीत तो धोंडा पुन्हा समोर आला. विज्ञानाचे सर सत्राच्या मध्येच नोकरी सोडून गेले होते.

"मुलं वाऱ्यावर आहेत," हेडबाई म्हणाल्या. "आणि शिकवणारं माणूस माझ्या समोर चहा पीत बसलंय!"

"एका सत्रापुरता नियम शिथिल करू," वकीलसाहेबांनी पेन उघडलं. "ठराव मी लिहितो. सरकारी अधिकाऱ्यांनाही चालेल, मी बोललोय."

टेबलाखाली बाईंची बोटं खडू धरल्यासारखी जुळली. हो म्हणायला तोंड उघडलं, आणि त्यांची नजर टेम्पोवाल्या काकांकडे गेली. काका पालकांचे प्रतिनिधी. त्यांची सून गणिताची हुशार शिक्षिका; याच नियमाने बाईंनी तिचा अर्ज परत पाठवला होता.

"माझ्याकडे काय बघता, ताई?" काका म्हणाले. "माझी हरकत नाही. सूनबाईला आता लांबच्या शाळेची बस अंगवळणी पडलीय."

बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर सोपं गेलं असतं.

"तेव्हा मी तुम्हाला काय म्हणाले होते, काका?"

"जाऊ द्या हो."

"सांगा ना."

"म्हणालात, आज चांगल्या माणसासाठी दार उघडलं, तर उद्या ते लावायचं कुणी? घरी जाऊन तुम्हाला मनसोक्त शिव्या घातल्या मी."

सगळे हसले. बाईही हसल्या, पण डोळे पुसायला चष्मा काढावा लागला.

"ठराव नको," त्या म्हणाल्या. "जाहिरात आजच द्या."

चहा संपेपर्यंत थांबवेना, म्हणून त्या व्हरांड्यात आल्या. प्रयोगशाळेत भाषेच्या मॅडम नुसत्या लक्ष ठेवायला बसल्या होत्या. एका मुलीने दोऱ्याला नट बांधून लंबक केला होता. तिने नट सोडला आणि सोडतानाच ओरडली, "एक!"

अगं, एक नाही. शून्य! तो जाऊन परत आला की मग एक. दरवर्षी कुणीतरी हीच चूक करायचं, आणि मग बाई उलगडून दाखवायच्या. मुलांचे चेहरे उजळताना बघणं हाच त्यांचा खरा पगार होता. हात दाराच्या मुठीवर गेला. मूठ गार होती. त्यांनी हात मागे घेतला.

बैठकीत परतल्या तेव्हा वकीलसाहेब पेन मिटत होते.

"मिटू नका. माझा राजीनामा लिहून घ्या."

"राजीनामा?" हेडबाई उठूनच उभ्या राहिल्या. "शाळा तुम्ही काढलीत!"

"ती आता चालते. दोन वर्षांनी मी शिक्षकाच्या जागेसाठी अर्ज करीन."

"तेव्हा जागा रिकामी नसली तर?"

"नसली तर नसली."

काकांनी रिकामा कप बाजूला सारला. "मुलाखत मी घेणार," ते म्हणाले. "आणि अवघड विचारणार."

"विचाराच. आणि वकीलसाहेब, दोन वर्षं मोजताना आजचा दिवस धरू नका. आज शून्य."

सही करून बाई निघाल्या. वाटेत काच आलीच. मुलगी पुन्हा नट सोडत होती. बाई थोड्या जास्तच वेळ थांबल्या. उद्यापासून या व्हरांड्यात यायलाही त्यांना परवानगी घ्यावी लागणार होती.