वाक्य त्याचं, नाव माझं

शिपाई ऑरिल कुंपणापाशी उभा राहून म्हणाला, "टँटी झेल्मा, तुला साइट केलंय," आणि मी केरसुणी घेऊन त्याच्या अंगावर धावले.

टँटी, म्हणजे मावशी, मला सगळं गाव म्हणतं. साइट हा शब्दही मला चांगला ठाऊक होता. हॉटेलवाल्यांची माणसं वर्षभर आमच्या खाडीवर मोजपट्ट्या घेऊन हिंडत होती. माझ्या फणसाला त्यांनी लाल फडकं बांधलं. ते सोडून मी कोंबड्याच्या पायाला बांधलं, म्हटलं, घ्या, करा ह्याची साइट.

"ती साइट नाही गं," ऑरिल रस्त्यापलीकडून ओरडला. "कोर्टाची साइट. कोर्टानं बोलावलंय तुला. केरसुणी खाली ठेव, वर्दी आत्ताच धुतलीय."

"वर्दी धुतलीस, तोंडही धुवायचंस. नीट बोलता आलं असतं."

माझी लेक डॉरथीया शाळेत शिकवते. तिनं मला ओट्यावर बसवून समजावलं. म्हणाली, "आई, हा शब्द ऐतखाऊ दिरासारखा आहे, प्रत्येक घरी जेवतो. कोर्ट बोलावतं, ते साइट. वादळात हेझकायानं बुडणारी माणसं काढली, सरकारनं त्याचं नाव वाचून छातीला बिल्ला लावला, तेही साइट. आणि चर्चमध्ये पाद्री म्हणतो ना, पौलानं अमुक अध्यायात असं सांगितलंय, तेही साइटच. दुसऱ्याचं बोलणं साक्षीला उभं करायचं."

"मग माझं कुठलं?"

तिनं माझ्या हातातली केरसुणी काढून घेतली. तिथंच मला कळायला हवं होतं. "पहिलं," ती म्हणाली, "आणि शेवटचं. कुठल्याशा पुस्तकात तुझं बोलणं आहे. हॉटेलवाल्यांचा वकील ते दाखवणार आहे."

गावाला अर्थातच मधलं तेवढं ऐकू गेलं. हेझकायाचा बिल्ला सगळ्यांनी पाहिलेला. शेजारची मर्टल कसाव्याचा गोड पाव घेऊन अभिनंदनाला आली. पाव चांगला झाला होता, म्हणून तिचा गैरसमज मी तो संपेपर्यंत दूर केला नाही.

खाडीवरची ही जमीन ट्रिम घराण्याची. एकाची नाही, सगळ्यांची. ती कुणी विकत नाही, कुणी वाटून घेत नाही. लंडनला गेलेल्या पोराचाही तिच्यावर हक्क, परत आला तर घर बांधावं. मूल जन्मलं की त्याची नाळ पुरून वर झाड लावतो. माझ्या नाळेवर तो फणस आहे, डॉरथीयाच्या नाळेवर नारळ. कागद नाही. गोऱ्यांची उसाची इस्टेट मोडकळीला आली तेव्हा माझ्या आज्याच्या बापानं इथं कुणाला न विचारता खुंट ठोकला, तोच आमचा कागद.

आमचा वकील बकस. माणूस बरा, फक्त घाम फार. तो म्हणाला, "टँटी, हॉटेलवाल्यांनी इस्टेटीचा जुना कागद विकत घेतलाय, आणि सगळा खटला एका केसाला लटकलाय. कुणाला न विचारता, उघड, आपली म्हणून राहिलात तर जमीन तुमची. मालकाच्या मेहेरबानीनं राहिलात तर शंभर पिढ्या राहा, तुमची नाही."

"आम्ही कुणाची मेहेरबानी घेतली नाही."

"पुस्तकात तुम्ही घेतलीय," तो म्हणाला आणि रुमालानं मान पुसली.

मग मला जूडिथबाई आठवली. डॉरथीया रांगत होती तेव्हा ती कॅनडाहून आली होती, जुन्या गोष्टी गोळा करायला. माझ्या ओट्यावर बसून खेकडे आणि उकडीचे गोळे खायची, पुढ्यात आवाज टिपायचं यंत्र फिरत असायचं. चांगली बाई होती. खेकड्याची नांगी मात्र तिला शेवटपर्यंत फोडता आली नाही. तिला मी गिलीसची गोष्ट सांगितली.

गिलीस हा इस्टेटीचा शेवटचा मॅनेजर. रविवारी पिऊन घोड्यावरून यायचा आणि आमच्या दारात आरोळ्या मारायचा. माझी आजी त्याच्या घोड्याला पाणी पाजायची आणि त्याच्या तोंडावर हसायची. आता ही गोष्ट सांगायची म्हणजे मी गिलीस होते. पोट पुढे काढते, टोपी मागे सारते, जीभ जड करते: "ही सगळी खाडी इस्टेटीची आहे. ट्रिम लोक इथं आमच्या मेहेरबानीनं राहतात." मग वळते, आजी होते, आणि हसते. आमच्याकडे गोष्ट अशीच सांगतात. "असं तो म्हणाला" हे शेपूट कोण लावतं? शेपूट लावलं की गोष्ट मेली.

जूडिथबाई पोट धरून हसली होती. पण यंत्राला पोट दिसत नाही, टोपीही दिसत नाही. घरी जाऊन कुणी ते उतरवून काढलं असेल, देव जाणे. छापून आलं ते एवढंच: ही सगळी खाडी इस्टेटीची आहे, ट्रिम लोक इथं मेहेरबानीनं राहतात. खाली नाव, झेल्मा ट्रिम. आजीचं हसणं नाहीच. हसणं छापता येत नसावं.

कोर्टात मी जांभळी टोपी घालून गेले. हॉटेलवाल्यांचा वकील तरुण, गोड बोलणारा. साप बरा, निदान फुत्कारतो.

"आजी, हे शब्द तुमच्या तोंडून निघाले का?"

"निघाले. पण ते गिलीसचे आहेत."

"इथं गिलीस नावाचं कुणीच नाही. तुमचं नाव आहे. तुम्ही हे बोललात की नाही?"

"बोलले. पाद्री दर रविवारी सैतानाचं बोलणं वाचतो. त्याला नरकात टाकता का?"

लोक हसले. न्यायाधीशबाईसुद्धा हसल्या. मला वाटलं, जमलं. मी उठले, टोपी मागे सारली, पोट पुढे काढलं आणि त्यांना अख्खा गिलीस करून दाखवला, घोड्यासकट. आवाज इतका हुबेहूब लागला की मागच्या बाकावरची म्हातारी 'अगं बाई' म्हणाली. मग वळून आजी झाले. पण हसायच्या जागी मला हसू येईना. तोंड उघडं राहिलं, आवाज नाही. न्यायाधीशबाई हळूच म्हणाल्या, "बसा आजी."

बकसनं जूडिथबाईला शोधलं. ती वारली होती. फिती तिच्या विद्यापीठाच्या तळघरात होत्या, तिथं पाणी शिरलं होतं. आणि त्या गोड वकिलानं आणखी पुस्तकं मांडली. एकानं जूडिथबाईला साइट केलेलं, दुसऱ्यानं त्या एकाला. सगळ्यांत तेच वाक्य. बकस मला म्हणाला, "एका माणसाचं खोटं खोडता येतं, टँटी. ही तर वंशावळ झाली." आमची वंशावळ झाडांखाली पुरलेली, ती कुणी उकरून मांडणार होतं का?

निकाल वाचायला फार वेळ लागला नाही. त्यात माझं नाव आदरानं घेतलं होतं. गावातल्या ज्येष्ठ आणि विश्वासू साक्षीदार.

फणस तोडला त्या दिवशी मी घराबाहेर आले नाही. डॉरथीयानं गावात वरच्या अंगाला दोन खोल्या घेतल्यात, तिथं आम्ही राहतो. समुद्र दिसतो, पोचत नाही. खाडीवर पत्र्याचं कुंपण आहे, त्यावर मोठ्या अक्षरांत साइट लिहिलंय. केरसुणी उगारली ती काही चुकीची नव्हती.

परवा पलीकडच्या खाडीवरची केझाया यॉर्क आली. तिच्या बापाला मी ओळखत होते, ती तेव्हा चोखायला ऊस मागायची. पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "टँटी, आमच्याही जमिनीवर खटला लागलाय. त्यांचा वकील तुमचा निकाल साइट करतोय. म्हणतो, किनाऱ्यावरची सगळीच माणसं मेहेरबानीनं राहत होती, ट्रिमबाईंनी स्वतः सांगितलंय. तू असं का गं बोललीस?"

मी तिला बसवलं. म्हटलं, सांगते. आणि सांगितलं: गिलीस असं म्हणाला की खाडी इस्टेटीची आहे. गिलीस असं म्हणाला की ट्रिम लोक मेहेरबानीनं राहतात. आजी हसली, असं आजीनं मला सांगितलं. प्रत्येक वाक्याला शेपूट लावलं, एकही सोडलं नाही.

केझाया ऐकत होती, पण तिची नजर दाराकडे होती.

"माझा तुझ्यावर विश्वास आहे, टँटी," ती म्हणाली. "पण हे कुठे छापलंय का?"