गाईचा तिसरा हिस्सा

सहीचं पेन अगाथा झुमब्यूलसमोर टोपण काढूनच ठेवलं होतं. तिला आधी तेच खटकलं.

त्सूग शहरातल्या त्या ब्लॉकचेन कंपनीच्या कार्यालयात सिल्वान बेटशार्टने भिंतीवरचा पडदा उजळला. "बाई, तुमच्या डोंगरावरच्या चौऱ्याऐंशी चराईहक्कांची डिजिटल टोकन होतील. विक्री, वारसा, सगळं मोबाइलवर. एकदा चढलेली नोंद कुणाच्या बापाला खोडता येणार नाही."

"आणि चुकीची चढली तर?"

"चढत नाही. आमची ब्लॉकचेन सेकंदाला चार हजार व्यवहार पेलते."

"आमच्याकडे दोन वर्षांत एक होतो."

शेजारी बसलेला चिटणीस माइनराड कुजबुजला, "अगं, कर ना सही. माझ्यानंतर हक्कांच्या त्या वहीला कोण हात लावणार?"

ते खरं होतं. पण डोंगराच्या चराई मंडळाची अध्यक्ष अगाथा होती. तिच्या सहीवर एकतीस घरांचा उन्हाळा होता. हक्क भलत्याच्या हाती गेले तर गाई न्यायच्या कुठे?

"आधी कोण आलंय तुमच्याकडे?"

"नऊ डोंगर. सगळे तुमच्याच आसपासच्या खोऱ्यांतले." सिल्वानने एका डोंगराची नोंद दाखवली आणि लगेच पुढे सरकवली.

"थांबा. मागचं पान." अगाथाने चष्मा चढवला. मालकांची नावं झाकलेली होती, हिस्से दिसत होते. अर्धा, पाव, अर्धा, एक तृतीयांश.

"माइनराड, एक तृतीयांश म्हणजे किती पाय रे?"

माइनराड हसला आणि मध्येच थांबला. एक हक्क म्हणजे एक गाय, आणि तो मोडायचा तो पायांनी: कालवडीला दोन, वासराला एक. फार तर पायाचे दोन खूर. तीन भाऊ असले तरी प्रत्येकाला एकेक पाय मिळतो, आणि चौथा पाय आळीपाळीने फिरतो. तिथल्या कुठल्याच खोऱ्यात गाईचे तीन भाग कुणी केले नव्हते.

"वारसांची वाटणी असेल," सिल्वान म्हणाला.

"असेल. त्या डोंगराच्या चिटणिसाचा नंबर द्या, आत्ताच विचारते."

"ते गोपनीय असतं, बाई."

"डोंगराचं नाव तरी?"

सिल्वानने पाण्याचा पेला उचलला. "हे पान... नमुन्यादाखल केलेलं आहे."

"आणि बाकीचे आठ डोंगर?"

त्याने पाणी प्यायला बराच वेळ लावला.

माइनराडने हात लांब करून पेनाला टोपण लावलं. "चल अगाथा," तो म्हणाला, "दूध काढायच्या आत घरी पोचू."