का-बाईचे चार कंट्रोलर

हॉस्पिटलात तिला सगळे का-बाई म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. लहानपणी आई वैतागून म्हणाली होती, "हिच्या लग्नात हिच्यासोबत उत्तरं देणारा एक माणूस वेगळा पाठवावा लागणार." तसा माणूस काही मिळाला नाही. नवराही मितभाषी निघाला. मग बाईंनी आपले प्रश्न यंत्रांना विचारायला सुरुवात केली.

तिच्याकडे हॉस्पिटलचं स्टोरेज होतं. म्हणजे तळमजल्यावरची एक थंडगार खोली, तिथली डिस्कांनी खच्चून भरलेली लोखंडी कपाटं, आणि त्यांच्या पोटात दहा वर्षांचे एक्स-रे आणि स्कॅन. या कपाटांचं डोकं म्हणजे कंट्रोलर. कुठला स्कॅन कुठे ठेवलाय हे त्याला माहीत, आणि मागाल तो काढून देणं हे त्याचं काम. इतकी वर्षं असे दोघेच होते आणि दोघांच्याही नाकी नऊ आले होते. मोठे साहेब म्हणाले, हे काढून टाकू, एकच भलंमोठं नवं आणू. ही म्हणाली, का? आहेत त्यांच्या शेजारी आणखी दोन बसवू, चौघांना आपसात वेगवान नेटवर्कने जोडू. डॉक्टरांनी कुणाकडेही स्कॅन मागावा. त्याच्याकडे नसला तर तो शेजाऱ्याकडून आणून देईल. काम वाढलं की पाचवा, सहावा. साहेबांना हे पटायला आठ महिने लागले.

रविवारी चौघे जोडले गेले. मंगळवारी सकाळी बोंब झाली. काही स्कॅन पटकन उघडत होते, आणि काही नुसतेच गरगरत बसत होते.

त्यात साडेनऊला कँटीनच्या मावशी खाली आल्या. या मावशी सोळा वर्षं हॉस्पिटलला चहा पाजत होत्या. कुणाला साखर कमी, कुणाचं कुणाशी बिनसलंय, सगळं त्यांना पाठ. आज हातात चहा नव्हता. त्यांनी कमरेचा चाव्यांचा जुडगा काढून टेबलावर ठेवला.

"हे तुझ्याकडे राहू दे. कोठीच्या, कपाटाच्या, सगळ्या आहेत. पाच आहेत, मोजून घे."

"का?"

"उद्या सकाळी आठला तपासायला तुकडा काढायचा म्हणून मला सुई घालणार आहेत. फुप्फुसात डाग दिसलाय." मावशींनी हे जेवणात आज काय आहे ते सांगावं तसं सांगितलं. "सर्जन म्हणाले, सात वर्षांपूर्वी न्यूमोनिया झाला तेव्हाचा स्कॅन मिळाला तर बघता येईल. डाग तेव्हापासूनचा असला तर सोडून देऊ. नवा असला तर थांबण्यात अर्थ नाही. पण तो स्कॅन म्हणे उघडतच नाही. सुईने कधी कधी फुप्फुस बसतं, आणि माझं एक आधीच अधू आहे. म्हणून आपली चावी दिलेली बरी."

आणि त्या निघून गेल्या. का-बाईने जुडगा कोटाच्या खिशात टाकला. तिला रडू आलं नाही, राग आला. आठ महिने भांडून आणलेलं हे आपलं यंत्र, आणि नेमका हाच स्कॅन ते दाबून बसलंय.

दहाला मोठ्या साहेबांचा फोन आला. "चारपर्यंत बघा. नाहीतर आपण परत दोनवर जाऊ."

परत दोनवर जायचं म्हणजे उद्या दुपारपर्यंत जुने स्कॅन बंद. सुई आठला. हिशोब सरळ होता.

ती पहिल्यांदा गेली नेटवर्कदादांकडे. हे गृहस्थ तिच्याहून पंधरा वर्षांनी मोठे, कामाला चोख, आणि नाकावर माशी बसू न देणारे. चौघा कंट्रोलरांना जोडणारे दोन स्विच त्यांच्या ताब्यात होते. स्विच म्हणजे सगळ्या केबली जिथे येऊन मिळतात तो चौक. दोन अशासाठी, की एक बंद पडला तरी दुसऱ्याने काम चालावं. पहिला नवा कोरा होता. दुसरा जुनाच, पण दादांचा जीव की प्राण. त्याच्या अंगावर एक चिठ्ठी चिकटवलेली असायची. एकदाही बंद न पडता तो किती दिवस चाललाय, तो आकडा दादा दर सोमवारी नवा लिहीत. कालचा होता एक हजार सहाशे एकाहत्तर.

"माझ्याकडे सगळं हिरवं आहे," दादा वर न बघता म्हणाले.

"माझ्याकडेही हिरवंच आहे."

"मग झालं तर."

"मग स्कॅन का उघडत नाही?"

दादांनी तिच्याकडे असं पाहिलं, की दुसरी कुणी असती तर उठून गेली असती. ही खुर्ची ओढून बसली.

तिने वीस स्कॅन निवडले आणि एकेक उघडायला घेतला. कागदावर एका बाजूला उघडले ते, दुसऱ्या बाजूला अडकले ते, आणि प्रत्येकासमोर तो कुठल्या स्विचवरून गेला ते. याला दोन तास लागले. दादा मधून मधून "शाळेत जाते आहेस का" म्हणून टोमणे मारत होते. पण बारा वाजता कागद बघायला तेच वाकले. अडकलेले नऊ होते, आणि नऊच्या नऊ दुसऱ्या स्विचवरून गेलेले.

"शक्य नाही," दादा म्हणाले. त्यांनी तिच्यासमोर दुसऱ्या स्विचवरून एका कंट्रोलरकडून दुसऱ्याकडे हाक पाठवून दाखवली. उत्तर लगेच आलं. पुन्हा पाठवली, पुन्हा आलं. "बघ. रस्ता उघडा आहे."

आता दुसऱ्या कुणाचं समाधान झालं असतं. हिचं कुतूहल उलट चाळवलं. रस्ता उघडा आहे, मग अडकतंय काय? तिने मावशींचा स्कॅन उघडायला लावला. नाव आलं. वय आलं. तारीख आली, सात वर्षांपूर्वीची. त्याखाली चित्राच्या जागी काळा चौकोन. ती त्या चौकोनाकडे बघत राहिली आणि खिशातला जुडगा बोटांनी चाळत राहिली.

नाव येतं, चित्र येत नाही. का?

"दादा, तुमची हाक केवढी असते?"

"केवढी म्हणजे? लहानच. एक ओळ."

"नावही लहानच असतं," का-बाई म्हणाली. "मोठी पाठवा ना. चित्र गठ्ठ्यागठ्ठ्यांनी जातं, आणि वेग यावा म्हणून आपण ते गठ्ठे मोठे ठरवले होते, तेवढ्या मापाची. आणि वाटेत फोडून नेऊ नका म्हणावं, जशी आहे तशी जाऊ दे."

हसू येईल, पण वीस वर्षं दोघंही लहान हाक मारूनच रस्ता तपासत आले होते. त्यांच्या धंद्यात सगळेच तसं करतात. दादांनी मोठी हाक पाठवली. पहिल्या स्विचवरून उत्तर आलं. दुसऱ्यावरून काहीच नाही. पुन्हा पाठवली. काहीच नाही.

"मी माप लिहिलंय," दादा म्हणाले. आवाज उतरला होता. "रविवारी दोन्हींत लिहिलंय. हे बघ."

खरंच लिहिलेलं होतं. मोठे गठ्ठे घ्या, असं दोन्ही स्विचना सांगून झालं होतं. का-बाईने ते वाचलं आणि विचारलं, "मग तो ऐकत का नाही?"

दादांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

"हे जुनं मॉडेल आहे. नवं माप लिहिलं तरी बंद करून चालू केल्याशिवाय लागू होत नाही. मला माहीत होतं. रविवारी आठवलंही होतं." त्यांनी चिठ्ठीकडे पाहिलं. "म्हटलं, एवढ्यासाठी कशाला. चालतोय ना."

का-बाईने जुडगा खिशातून काढून दादांच्या कीबोर्डशेजारी ठेवला.

"या कँटीनच्या मावशींच्या चाव्या आहेत," ती म्हणाली. आणि का दिल्या, तेही सांगितलं.

दादांना मावशी रोज अकराला बिनसाखरेचा चहा देत. आज अकराला चहा आला नव्हता, आणि का आला नाही हे दादांनी विचारलंही नव्हतं. तेच आता त्यांच्या मनाला लागलं. ते उठले, चिठ्ठी सोलून काढली, चुरगाळून खिशात टाकली आणि स्वतःच्या हाताने स्विच बंद केला.

खोलीतली एक घरघर थांबली. का-बाईने वर स्कॅनच्या डॉक्टरांना फोन लावला. "मावशींचा पुन्हा उघडा."

"सकाळपासून तेच करतोय," डॉक्टर म्हणाले, आणि मग एकदम, "थांबा. आला."

दुसरा स्विच मेलेला होता, म्हणून सगळी वाहतूक पहिल्यावरून चालली होती. ते तिला कळत होतं. पण तेवढ्याने भागणार नव्हतं. एकाच स्विचवर हॉस्पिटल कुणी चालू देणार नाही, साहेब तर नाहीच. सात मिनिटांनी दुसऱ्याचे दिवे लागले. दादांनी मोठी हाक पाठवली. उत्तर आलं. अडकलेले नऊच्या नऊ स्कॅन तिने पुन्हा उघडले, आणि नऊच्या नऊ उघडले. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

डॉक्टरांचा फोन मात्र येईना. ही दोघं समोरासमोर नुसती बसून राहिली. का-बाईला आयुष्यात पहिल्यांदा एक प्रश्न विचारायची भीती वाटत होती.

अडीचला डॉक्टर स्वतःच खाली आले.

"तेव्हाही होता," ते म्हणाले. "त्याच जागी, तेवढाच. न्यूमोनिया बरा होताना राहिलेला वण आहे. केसभरही वाढलेला नाही. सर्जनने सुई रद्द केली."

दादांनी तोंड भिंतीकडे केलं. का-बाई कुणालाही न लाजता रडली, आणि मग जुडगा घेऊन कँटीनकडे निघाली.

मावशी बंद कँटीनच्या पायरीवर बसल्या होत्या. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. त्यांनी चाव्या घेतल्या आणि एकेक मोजली. पाच.

"सात वर्षं होता म्हणे," त्या म्हणाल्या. "माझ्यातच होता आणि मला पत्ता नाही. आणि तुझ्या त्या कपाटाला माहीत होतं. मग सकाळीच का नाही सांगितलं त्याने?"

का-बाईने तोंड उघडलं. नवा स्विच, जुना स्विच, मोठे गठ्ठे, लहान हाक, सगळं सांगता आलं असतं. मागून दादा आले होते, तेच आधी बोलले.

"माझ्यामुळे," दादा म्हणाले.

मावशींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग कुलूप उघडून आत गेल्या, शेगडी पेटवली आणि आतूनच विचारलं, "बिनसाखरेचाच ना?"