स्लॅबच्या दिवशी खाली बसवलेली बाई

स्लॅबच्या दिवशी हिंदुरावांच्या घरात उजाडल्यापासून गडबड असे. धायरीतल्या त्यांच्या शेताचे प्लॉट पडले, प्लॉटांवर इमारती उठल्या, आणि ज्या घरात पेरणीआधी पाभरीची पूजा व्हायची त्या घरात आता काँक्रीट ओतण्याआधी सळयांची पूजा होऊ लागली. हिंदुरावांच्या पत्नी मथुराबाई नऊवारी नेसून, ताट घेऊन वर चढत, हळदकुंकू वाहत, नारळ फोडत. पूजा सवाष्णीनेच करायची आणि विधवेने त्या दिवशी स्लॅबवर पाय ठेवायचा नाही, असा नियम होता. आपल्या गावात काँक्रीट येऊन किती वर्षं झाली हे कुणालाही आठवेल, पण हा नियम मात्र जणू वेदांतून आल्यासारखा पाळला जाई.

विधवा घरातच होती. थोरली सून शालू. नवरा सोलापूर रस्त्यावर अपघातात गेला तेव्हा तिच्या लग्नाला पुरती चार वर्षंही झाली नव्हती. माहेर लोणी काळभोरचं. तिथेच तिने सिव्हिलचा डिप्लोमा केलेला. धाकटा दीर जयसिंग बांधकामाचा धंदा बघत होता, आणि त्याच्या साइटवर सळया मोजून घेणं, विटा बघणं, प्लास्टरवर पाणी मारून घेणं ही कामं शालू करत होती. पगाराचा प्रश्नच नव्हता, घरचीच ना ती. स्लॅबच्या दिवशी मात्र तिने खाली चुलीपाशी बसायचं आणि मजुरांसाठी मटण-भात रांधायचा. तिच्या हातचं सगळ्यांना चालत होतं. तिचे पाय तेवढे चालत नव्हते.

काँक्रीट तपासनिसाचं प्रमाणपत्र मिळवायचं तिने मनावर घेतलं होतं. ते हातात आलं की शहरातल्या कुठल्याही साइटवर मानाने काम मिळालं असतं, आणि पुढचं आयुष्य दिराच्या मर्जीवर काढावं लागलं नसतं. नारायण पेठेत श्रीनिवास नावाचे निवृत्त अभियंते रविवारी या परीक्षेची तयारी करून घेत. शालू बस बदलत तिथे जाई. लेखी परीक्षा ती पास झाली. पत्र्याच्या शंकूत ओलं काँक्रीट भरायचं, शंकू उचलायचा आणि ढीग किती खचतो ते बघून पाणी जास्त पडलंय का ते सांगायचं, ही परीक्षाही तिने दिली. राहिलं होतं एकच. एक तरी स्लॅब पहिल्या घमेल्यापासून शेवटच्या घमेल्यापर्यंत समोर उभं राहून तपासायचा, आणि त्याचा दाखला श्रीनिवासांकडून घ्यायचा.

तेच जमत नव्हतं. घरच्यांची अडचण तिने सांगितली, तेव्हा श्रीनिवासांनी चष्मा पुसत ऐकून घेतलं.

"स्लॅब पडताना हजर नसलेला तपासनीस म्हणजे लग्न लागल्यावर पत्रिका जुळवणारा भटजी," ते म्हणाले. "तुमच्या घरच्यांना सांगा, मी असल्या दाखल्यांवर सही करत नाही."

पहिल्या मजल्याच्या स्लॅबच्या आदल्या दिवशी शालूने वर जाऊन सळया बघितल्या. पुढे बाल्कन्या होत्या. बाल्कनीला खालून खांब नसतो, तिचा सगळा भार वरच्या अंगाला बांधलेल्या सळया तोलतात. काँक्रीट ओतताना मजुरांनी त्या तुडवून खाली दाबल्या, तर बाल्कनी नुसती भिंतीला चिकटवल्यासारखी राहते. म्हणून चालायला फळ्या टाकायच्या आणि कुणीतरी सबंध वेळ डोळ्यांत तेल घालून उभं राहायचं. ते कुणीतरी आपण होऊ, असं तिने त्या संध्याकाळी घरात सगळ्यांसमोर सांगितलं.

जयसिंग मोबाइलमध्ये बघत राहिला. हिंदुराव उठून अंगणात गेले. बोलल्या त्या मथुराबाई.

"पांढऱ्या कपाळाची बाई स्लॅबवर? माझा एक लेक गिळलास, तेवढं बास झालं. दुसऱ्याच्या धंद्यावर पाय ठिवू नको."

दुसऱ्या दिवशी शालू भाताच्या पातेल्यापाशी बसली. वर पंप धडधडत होता, मजूर घाई करत होते, जयसिंग खालीवर करत होता. तिने चारदा निरोप धाडला की फळ्या टाकल्यात का बघा. हो हो, असं उत्तर आलं. संध्याकाळी सगळे जेवून गेले, आणि भात झकास झाला होता असं तिला सांगण्यात आलं.

काँक्रीट पक्कं झाल्यावर खालचे टेकू काढायचा दिवस आला. बाल्कनीखालचे टेकू निघाले, तिची सावली मोकळी झाली. हिंदुरावांनी प्लास्टिकची खुर्ची त्या सावलीत ओढून घेतली आणि चहा मागवला. शालू चहा घेऊन निघाली होती. ती साइटच्या फाटकापाशी पोचली तेव्हा बाल्कनी खाली आली.

हिंदुराव जागीच गेले.

मोडलेलं काँक्रीट सगळ्या गावाने बघितलं, पण त्यातल्या सळया फक्त शालूने बघितल्या. वरच्या अंगाला असायला हव्यात त्या तळाशी चेपल्या होत्या. फळ्या कुणी टाकल्याच नव्हत्या. तिने ते जयसिंगला दाखवलं, त्याने मान फिरवली. दहाव्याला जमलेल्या बायकांत वेगळंच कारण ठरलं. विधवा आदल्या दिवशी वर गेली होती ना, मग दुसरं काय व्हायचं? मथुराबाईंनी ते चारचौघांत तिच्या तोंडावर म्हटलं. त्या गर्दीत शिकलेले लोक होते, शिक्षक होते, बँकेतले होते. एकानेही तोंड उघडलं नाही. मला राग मथुराबाईंचा येत नाही इतका या गप्प बसणाऱ्यांचा येतो.

साइट बरेच महिने बंद राहिली. मग इमारतीचं डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरने जयसिंगला बजावलं की उरलेल्या बाल्कन्या तोडून नव्याने टाकायच्या, आणि शिकलेला तपासनीस वर उभा असल्याशिवाय काँक्रीटची गाडी बोलवायची नाही. पण बाहेरचा माणूस आणला तर काय झालं होतं ते बाहेर जाणार, ही जयसिंगला धास्ती. नाइलाजाने जयसिंग वहिनीकडे आला. वर जा असं म्हणवेना, म्हणून त्याने सुचवलं की तिने खालीच बसावं, तो मोबाइलवर फोटो पाठवत जाईल. शालूने नकार दिला. वर उभी राहीन, नाहीतर नाही, आणि दाखला द्यायला श्रीनिवासही येतील, असं तिने ठणकावलं. त्याने दातओठ खात कबूल केलं.

त्या दिवशी श्रीनिवास छत्री घेऊन हजर झाले. गाडी आली. मथुराबाईंनी सवयीने ताट लावलं, वात वळली, नारळाची शेंडी सोलली आणि त्या दारापर्यंत गेल्या.

जयसिंगने ताटाला हात घातला. "आई, तू नको. हेमा करंल." हेमा म्हणजे त्याची बायको.

मथुराबाईंनी ताट सोडलं. त्या आत गेल्या आणि चुलीपाशी, शालू बसायची त्याच जागी बसल्या.

शालूने डोक्यावर चढवलेलं हेल्मेट काढलं. बाईने आपल्याला काय काय म्हटलं होतं ते सगळं तिला आठवत होतं, आणि मनातून बरं वाटलं हेही खरं. पण ते क्षणभरच. तिने जयसिंगला सांगितलं, "भाऊजी, आत्या वर आल्याशिवाय मी येणार नाही. मी नाही तर काँक्रीट नाही."

"गाडी उभी हाय, वहिनी. माल वाया जाईल."

"जाऊ दे. मागच्या वेळी माणूस गेला."

ती आत गेली. मथुराबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या.

"मला नको वडू," त्या म्हणाल्या. "मी वर आले आन जयसिंगला काय झालं तर? मला माझ्याच पायांचं भ्या वाटतंय."

हे ऐकून शालूचा राग कुठल्या कुठे गेला. ती खाली बसली. "आत्या, मामा कुणाच्या पायगुणानं गेले नाहीत. मजुरांनी सळया तुडवल्या म्हणून गेले. मी वर असते तर तुडवू दिल्या नसत्या. एवढंच झालंय."

मथुराबाई भिंतीकडून तिच्याकडे वळल्या. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या. ताट मागितलं नाही, माफीही मागितली नाही.

शालूने शंकू उचलून पहिल्याच गाडीचं काँक्रीट तपासलं, पाणी जास्त म्हणून गाडी परत पाठवली, आणि मुहूर्त टळला. श्रीनिवास छत्रीखाली उभे राहून वहीत लिहून घेत होते. दुसरी गाडी आली तेव्हा मथुराबाई बाल्कनीच्या कडेशी एक घमेलं पालथं घालून त्यावर बसल्या होत्या. एका मजुराने फळी सोडून सळईवर पाय टाकला.

"ए, फळीवरनं चाल," त्या ओरडल्या. "माझा धनी गेलाय तितनं."

स्लॅब संपेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत. शालूला दाखला मिळाला, पुढे प्रमाणपत्रही मिळालं.

आता वाचकहो, तुम्ही बहुधा आपल्या फ्लॅटच्या बाल्कनीत बसून चहा घेत हे वाचत असाल. ती ओतली गेली त्या दिवशी नारळ फुटलाच असणार. पण सळयांवर नजर ठेवणारं कुणी वर होतं, की त्या बाईला तुम्ही खाली भात रांधायला बसवलं होतं?