फटफटीचा ढेकर

माझी फटफटी भिमाजीच्या ढाब्यावर शोभेला उभी करायची, असं माझ्या मुलाने मला न विचारता ठरवून टाकलं. नगर-मनमाड रस्त्यावर भिमाजीचा ढाबा आहे. दारात सिमेंटचा ओटा बांधायचा, त्यावर गाडी बोल्ट मारून जखडायची, म्हणजे येणारंजाणारं गिऱ्हाईक तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढेल. चालत्या गाडीला जखडायचं म्हणे! मी चहाची कपबशी तशीच खाली ठेवली.

"आई, ती गळती हाय," बिभीषण म्हणाला. "दिवाळीपासनं रोज फरशीवर तेलाचं थारोळं. दिशा पुसून पुसून कट्टाळली."

"सुनेला मी कधी पुसायला लावलं न्हाई. माझं मी पुसते."

"आन् लोक हसत्यात. म्हनत्यात, मुक्ताबाई एकसष्टाव्या वर्षी पाना घेऊन बसती."

हे खरं दुखणं. तेलाचं नुसतं निमित्त होतं.

गाडी माझ्या नवऱ्याची, सहादेवची, चौऱ्याहत्तर सालची. तो गेल्यावर चार वर्षं ती गोठ्यात कडब्याखाली पडून होती. मी बाहेर काढली, सगळी खोलली, दोन वर्षं एकेक भाग घासून, बदलून जोडला आणि दिवाळीत सुरू केली. मला हे काम येतं. माझे वडील विहिरींवरची डिझेल इंजिनं दुरुस्त करायचे, आणि घरात मुलगा नव्हता म्हणून हाताखाली मीच असायचे.

गाडी चालवायला मात्र सहादेवने शिकवलं, आमच्या वस्तीपासून गावाकडे जाणाऱ्या उसातल्या रस्त्यावर. चांगला माणूस होता. पण गावची वेस दिसायला लागली की म्हणायचा, "आता उतर." मी उतरायचे, पदर सावरून मागे बसायचे, आणि तो गाडी गावात न्यायचा. तेहतीस वर्षं हे असंच. मी कधी शब्द काढला नाही. त्याचा राग मला अजून येतो, आणि त्याच्यापेक्षा माझाच जास्त येतो.

"रविवारी भिमाजीचा टेम्पो येनार हाय," बिभीषण म्हणाला.

"येऊ दे. तवर गळती थांबली न्हाई तर मी सोता गाडी टेम्पोत चढवीन. थांबली तर या घरात परत ढाब्याचं नाव काढायचं न्हाई."

"एक थेंब बी चालनार न्हाई."

"एक थेंब बी न्हाई."

बोलून बसले खरी, पण भरवसा माझा मलाच नव्हता. इंजिनाच्या जोडांमधली पॅकिंगं मी आधीच तीनदा बदलली होती. एक जोड कोरडा झाला की तेल दुसरीकडून यायचं. कोपरगावच्या अब्दुल मिस्त्रींना फोन लावला, तर म्हणाले, "बाई, जुनी गाडी म्हटल्यावर थोडं गळणारच. खाली एक डबा ठेवा." मी फोन ठेवला. डबा आजाऱ्याच्या खाटेखाली ठेवतात, माझ्या गाडीखाली नाही.

शनिवारी सकाळी इंजिन डिझेलने धुतलं, कोरड्या फडक्याने लख्ख पुसलं आणि सगळीकडे तांदळाची पिठी भुरभुरली. तेल निघतं एकीकडून, ओघळून दिसतं भलतीकडे. पिठी मात्र जिथून निघतं तिथेच आधी भिजते.

"आई, उकडीच्या मोदकांची पिठी हुती ती!" दिशा दारातून ओरडली.

"गणपती समजून घेईल," मी म्हटलं आणि किक मारली.

दहा मिनिटांत पिठी भिजली, पण एका जागी नाही. वर, मधे, खाली, तिन्हीकडे एकदम. मी तिथेच फतकल मारून बसले. नवीकोरी तीन पॅकिंगं एकाच वेळी कशी जातील? आतूनच काहीतरी तेल बाहेर ढकलत होतं. आणि मला वडील आठवले. ते म्हणायचे, "गडी जेवला की ढेकर देतो. इंजिनालाबी ढेकर लागतो. तो अडला की मग मिळंल तिथनं फुटतंय."

इंजिनाच्या आत कोंडणारी हवा बाहेर पडायला एक बारीक रबरी नळी असते. वडील तिच्या तोंडाशी तळहात धरायला लावायचे. हाताला फुस्स-फुस्स लागलं म्हणजे इंजिन खुशाल. मी गाडीखाली हात घातला. फुस्सही नाही की फासही नाही. बोटाने चाचपलं तर नळीच्या तोंडात काहीतरी टणक.

उपसून काढलं. काळं बूच. रानातल्या ठिबक सिंचनाच्या नळीला चुकून जादा भोक पडलं की आमच्याकडे हेच मारतात. आणि आमच्या घरात ठिबकचं काम एकच माणूस बघतो.

"हे कुनी बसवलं?" मी बिभीषणला बोलावून विचारलं.

बिभीषणने तळहातावर घेऊन पाहिलं. "मीच. दिवाळीत. नळीतनं थेंब पडत हुता."

"मला सांगितलं का न्हाईस?"

"त्यात काय सांगायचं? गळतंय म्हनल्यावर बूच मारायचं."

खोटं बोलत नव्हता. जन्म ठिबकवर गेला. थेंब दिसला की त्याचा हात आपोआप बूच शोधतो. पण चार महिने मी स्वतःच्या हाताला दोष देत होते, म्हातारी झालीस म्हणून स्वतःला शिव्या घालत होते. मला इतका संताप आला की पाना खाली ठेवून मगच बोलले.

"तिचा श्वास कोंडलास, आन् वर म्हनतोस गळती हाय!"

त्याने बूच माझ्या हातात परत दिलं. मग हळूच म्हणाला, "पन बूच काढलं तर नळीतनं थेंब पडनारच. एक थेंब बी न्हाई, असं तूच म्हनलीस."

पोरगं माझंच, कात्रीत धरायला शिकलेलं. मी उठले, त्याच्याच भेंडोळ्यातून ठिबकची बारीक नळी हातभर कापली, इंजिनाच्या नळीला जोडली आणि मागे नेऊन साखळीच्या वर बांधली. साखळीला तेल लागतंच. आता ते तिला थेंब थेंब मिळणार होतं, उसाला पाणी मिळतं तसं. संध्याकाळपर्यंत तिन्ही पॅकिंगं चौथ्यांदा बदलली.

रविवारी टेम्पो आला. दिशाने आपणहून कपाटातली पांढरी चादर आणून गाडीखाली अंथरली. अर्धा तास इंजिन चालवलं. भिमाजी गुडघे धरून वाकला, चादर न्याहाळली, हात फिरवून पाहिला. कोरडी ठक्क.

"काकू, मंग मी आता दारात काय ठिवू?"

"बिभीषणला उभा कर. त्यो गळत न्हाई."

भिमाजी हसत रिकामा टेम्पो घेऊन गेला. बिभीषण हसला नाही. मी काळं बूच त्याच्या हातावर ठेवलं. "हे रानात लाव. हितं लागत न्हाई."

मग पदर खोचला, बाजाराची पिशवी हँडलला अडकवली आणि किक मारली.

"आई," तो गाडीला आडवा आला, "जायचं तर जा, पन गावातनं नको. मागल्या वाटेनं जा."

मी त्याच्याकडे पाहिलं. हुबेहूब बापाचा चेहरा. त्याला वळसा घालून निघाले.

उसातला रस्ता संपला आणि वेस दिसली. पारावर नेहमीची माणसं बसली होती. माझा पाय सवयीने ब्रेकवर गेला. मी तो उचलला आणि गावात शिरले.